न उघडता सांगितलेला बिघाड

सोलापूर
दिनांक : १० जून २०२४

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, मुख्य कार्यालय

विषय : ७ किलो टॉप लोड वॉशिंग मशीनच्या बिघाडाचे चुकीचे निदान, एकाच तक्रारीचे दोनदा घेतलेले शुल्क आणि न सुटलेली तक्रार ‘ग्राहक समाधानी’ म्हणून बंद केल्याबाबत.

महोदय,

२ नोव्हेंबर २०२१ रोजी, धनत्रयोदशीच्या दिवशी, आपलं फुल्ली ऑटोमॅटिक टॉप लोड मशीन मी सोलापुरातल्या दुकानातून १७,४९० रुपयांना घेतलं. संपूर्ण मशीनवर दोन वर्षांची वॉरंटी होती, ती गेल्या नोव्हेंबरात संपली. मोटरवर दहा वर्षांची आहे आणि त्याचा सोनेरी स्टिकर झाकणावर अजून चकाकतो. (मोटर सहसा जातच नाही. जे जातं त्यावर वॉरंटी नसते, हे आता कळलं.)

मशीन बिघडलं म्हणून मी हे पत्र लिहीत नाही. ३१ वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये काढली आहेत. फिरणारी वस्तू कधी ना कधी बिघडणार हे मला कुणी सांगायला नको. आपल्या दोन माणसांनी मिळून मशीनचं मागचं पत्र्याचं झाकण एकदाही उघडलं नाही आणि तरी ६,८४० रुपयांचा बिघाड कागदावर लिहून दिला, याबद्दल हे पत्र आहे.

एप्रिलच्या शेवटापासून मशीन अधूनमधून अडायला लागलं. कपडे टाकून बटण दाबलं की पाणी यायला सुरुवात व्हायची, येतच राहायचं, आणि बऱ्याच वेळाने मशीन बीप करून थांबायचं. डिस्प्लेवर पाणी येत नसल्याचा कोड. गंमत अशी की स्लॅबवरची पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली असली तर मशीन रडतखडत का होईना चालायचं, टाकी अर्ध्यावर आली की नाही. घरात ८४ वर्षांची आई अंथरुणावर आहे. रोज दोन चादरी आणि दोन-तीन नऊवारी निघतात, तेव्हा ‘उद्या बघू’ म्हणायची सोय नव्हती. मी आपल्या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवली.

६ मे रोजी, मतदानाच्या आदल्या दिवशी, पहिले टेक्निशियन आले. तरुण मुलगा, वागायला चांगला. त्याने नळाकडून येणारा पाइप काढला, मशीनच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी पकडीने ओढून काढली, धुतली, परत बसवली. पाच मिनिटांचं काम. ती जाळी मी दर पंधरा दिवसांनी जुन्या टूथब्रशने घासतो, हे मी त्याला सांगितलं होतं. मग तो म्हणाला, “काका, प्रेशर कमी आहे. प्रेशर पंप बसवून घ्या.” मी विचारलं, टाकी तीच, पाइप तोच, मग अडीच वर्षं मशीन कसं भरत होतं? यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. व्हिजिट चार्ज ४०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ४७२ रुपये त्याने घेतले.

जाताना त्याने मोबाइलवर आलेला चार आकडी कोड मागितला. “मी येऊन गेलो याची नोंद आहे, फक्त हजेरी,” असं म्हणाला. मी दिला. संध्याकाळी मेसेज आला : आपल्या तक्रारीचं समाधानकारक निराकरण झालं आहे, धन्यवाद. त्या कोडला आपल्या खात्यात ‘हॅपी कोड’ म्हणतात हे मला नंतर कॉल सेंटरवरच्या बाईंनी सांगितलं. हजेरीच्या नावाखाली समाधानाची सही घेणं याला आमच्या वर्कशॉपमध्ये वेगळा शब्द होता, तो इथे लिहीत नाही.

आपल्याच पावतीच्या पाठीमागे छापलं आहे की त्याच तक्रारीसाठी ३० दिवसांत पुन्हा यावं लागलं तर व्हिजिट चार्ज लागणार नाही. पण पहिली तक्रार ‘समाधानी’ होऊन बंद झाली असल्यामुळे दुसऱ्या वेळी नवा क्रमांक पडला आणि नव्या क्रमांकाला नवा चार्ज. १४ मे रोजी दुसरे टेक्निशियन आले. त्यांनी मशीन चालू केलं, दोन बटणं एकदम दाबून काही तरी पाहिलं, झाकणाच्या मागच्या पट्टीवर टकटक केलं आणि म्हणाले, “पीसीबी गेला.” पीसीबी म्हणजे मशीनला हुकूम देणारा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड. सगळं धरून ६,८४० रुपये. लगेच पुढचं वाक्य : “एवढे घालण्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या, मी तुम्हाला ऑफरची लिंक पाठवतो.” सर्व्हिस रिपोर्टवर त्यांनी ‘हार्ड वॉटर’ असंही लिहिलं. मी पैसे मोजायला तयार झालो नाही तेव्हा शेरा मारला : ‘ग्राहकाने दुरुस्तीस नकार दिला.’ आणि पुन्हा ४७२ रुपये.

हार्ड वॉटरबद्दल आधी बोलतो. आमचं बोअरचं पाणी जड आहे, हे खरं. गेल्या वर्षी मी तपासून घेतलं होतं. एकूण कठीणपणा लिटरला ५२० मिलिग्रॅम आला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही हवीशी मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार आहेत, साबण फेसाळत नाही, नळाच्या तोंडावर पांढरी खपली धरते. पण हे मशीन आपण सोलापुरात विकलंत. विकताना दुकानदाराने पाणी कुठलं असं विचारलं नाही. क्षार काढायची पावडर मात्र पहिल्याच दिवशी सोबत विकली. मी ती दर महिन्याला वापरतो, रिकामं मशीन टब क्लीनवर लावतो. पावडर संपली की लिंबूसत्व टाकतो. कामही तेच होतं आणि किंमत पाव. धुणं झाल्यावर झाकण उघडं ठेवतो, आतली लिंटची जाळी दर खेपेला उलटी करून धुतो. ७ किलो हे कोरड्या कपड्यांचं वजन आहे हेही मला माहीत आहे, म्हणून आमच्या सोलापुरी चादरी एका वेळी दोनच घालतो. भिजलेली चादर एका बाजूला गोळा झाली तर स्पिनला मशीन न्हाणीघरभर चालत सुटतं, एकदा तो तमाशा पाहिला आहे. थोडक्यात, निगा राखली नाही असं म्हणायला आपल्याला जागा नाही.

आता खरा बिघाड.

१९ मे, रविवार. मशीन नेहमीसारखं ‘भरत’ होतं आणि मी कपड्यांची वाट बघत न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसलो होतो. मोरीकडे लक्ष गेलं. ड्रेन पाइपच्या तोंडातून करंगळीएवढी धार चालू होती. मशीनने अजून धुवायलाही सुरुवात केलेली नव्हती, मग पाणी सुटण्याचा प्रश्नच नव्हता.

मी मशीन बंद केलं, नळ बंद केला आणि प्लग भिंतीतून उपसून काढला. मग बादलीने चार बादल्या पाणी आत ओतलं आणि आतल्या ड्रमला भोकांच्या रांगा असतात त्या मोजल्या. पाणी खालून नवव्या रांगेला होतं. दहा मिनिटांनी सातव्या रांगेला.

महोदय, कृपया हे परिच्छेद आपल्या प्रशिक्षण विभागाला वाचून दाखवावेत. वीजच नव्हती. वीज नसताना पीसीबी हुकूम कुणाला आणि कसा देणार? ड्रेन व्हॉल्व्ह म्हणजे एक रबरी बूच आणि ते दाबून धरणारी स्प्रिंग. पाणी सोडायचं असेल तेव्हाच ड्रेन मोटर ते बूच ओढून उघडते. वीज गेली की स्प्रिंगने ते आपोआप बंद व्हायलाच हवं. प्लग काढलेला असताना पाणी गळतं याचा अर्थ बूच बसत नाही, आणि बूच का बसत नाही ते हाताने उघडून बघावं लागतं. यासाठी इंजिनिअर लागत नाही, एक बादली लागते.

टाकी भरलेली असताना मशीन का चालायचं, तेही यातच आहे. टाकी आमच्या स्लॅबवर आहे, मशीनच्या नळापासून तिचा तळ जेमतेम सात-आठ फूट वर. टाकी भरलेली असली की वरून येणारं पाणी खालून गळणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त असायचं, म्हणून पातळी हळूहळू चढायची. टाकी उतरली की आवक आणि जावक सारखी. पातळी चढत नाही, ठरलेली वेळ संपते, आणि मशीन प्रामाणिकपणे सांगतं की पाणी येत नाही. त्या बिचाऱ्याला तेवढंच कळतं. आपल्या पहिल्या टेक्निशियनला प्रेशर कमी वाटलं ते अगदीच चूक नव्हतं. पण पाणी कुठे जातंय हे बघायला तो मोरीकडे वळला नाही.

मागचे स्क्रू काढून झाकण उतरवलं. व्हॉल्व्हच्या डब्याखाली परात सरकवली आणि फिरकीचं झाकण हाताने सोडवलं. आत काळपट चिकट गाळ, दोऱ्यांचे पुंजके, ब्लाउजचा एक हूक, आणि बूच जिथे टेकतं त्या कडेवर क्षाराचं पांढरं कवच चढलेला तुळशीचा एक मणी. आईची जपमाळ फाल्गुनात तुटली होती. उशाखाली ठेवते, तिथून मणी चादरीच्या घडीत गेला असणार. १०८ पैकी १०७ सापडले म्हणून ती तेव्हापासून चुटपुटत होती.

मणी काढला, कडा मऊ ब्रशने साफ केली. बुचाच्या रबराला मण्याने खळगा पाडला होता, म्हणून ते बदलावं लागणार हे दिसत होतं. आपल्या सेवा केंद्रात गेलो तर उत्तर मिळालं, “सुटा पार्ट देत नाही, टेक्निशियन येऊनच बसवेल.” म्हणजे आणखी एक व्हिजिट, आणखी एक हॅपी कोड. शेवटी स्पेअर पार्टच्या दुकानातून ९० रुपयांचं मिळतंजुळतं रबर आणून बसवलं. त्यानंतर पुन्हा बादलीची परीक्षा घेतली. पाणी नवव्या रांगेला होतं, तासाभराने नवव्याच रांगेला. तेव्हापासून मशीन टाकी अर्धी असतानाही चालतं. रबर अस्सल नाही, किती टिकेल सांगता येत नाही.

यात पैशापेक्षा मला जास्त लागलेली गोष्ट पाण्याची आहे. मे महिन्यात उजनी धरण मृतसाठ्यात गेलं होतं. महापालिकेचं पाणी काही दिवसांआड, आणि बोअर अर्धा तास चाललं की हवा ओढायचं. त्या दिवसांत हे मशीन आमच्या टाकीतलं पाणी सरळ मोरीत सोडत होतं, आणि आपली दोन जाणकार माणसं त्याच्या शेजारी उभी राहून पावती फाडून गेली. ६ मे रोजीच कुणी मोरीत डोकावलं असतं तर तेरा दिवसांचं पाणी वाचलं असतं.

माझ्या मागण्या अशा. दोन्ही वेळचे मिळून ९४४ रुपये परत करावेत. पहिल्या भेटीत दुरुस्ती झाली नाही आणि दुसरी आपल्याच नियमाने विनाशुल्क होती. दोन्ही तक्रारींवरचे ‘ग्राहक समाधानी’ आणि ‘ग्राहकाने दुरुस्तीस नकार दिला’ हे शेरे दुरुस्त करून तसं लेखी कळवावं. ड्रेन व्हॉल्व्हचं मूळ रबर मला विकत द्यावं. फुकट नको, पण सुटं द्यावं. आणि पाणी न भरण्याच्या तक्रारीवर पीसीबी बदलायला सांगण्याआधी प्लग काढून पातळी तपासण्याची सक्ती आपल्या टेक्निशियनांवर करावी. जमल्यास माहितीपुस्तिका मराठीतही छापावी. माझ्याकडच्या इंग्रजी-हिंदी पुस्तिकेत व्हॉल्व्ह साफ करण्याबद्दल एक ओळ नाही, पण ‘अधिकृत टेक्निशियनलाच बोलवा’ हे अकरा ठिकाणी आहे. मोजलं.

शेजारच्यांनी मला विचारलं, ९४४ रुपयांसाठी एवढं काय? माझं मशीन मी उघडू शकलो. आमच्याच गल्लीत शिवणकाम करून घर चालवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना गेल्या वर्षी असंच पीसीबीचं सांगितलं आणि त्यांनी पैसे भरले. त्यांच्या मशीनला खरंच काय झालं होतं हे आता कुणालाच कळणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तक्रार ग्राहक जिथे राहतो तिथे करता येते, तेव्हा आपल्या मुख्य कार्यालयाच्या शहरी मला यावं लागणार नाही. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला दाव्याचं शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे आणि मी निवृत्त आहे.

दोन्ही पावत्या, दोन्ही सर्व्हिस रिपोर्ट, समाधानाच्या मेसेजचे स्क्रीनशॉट आणि १९ मे रोजी काढलेले फोटो सोबत जोडले आहेत.

कळावे,

आपला,
तक्रारदार ग्राहक

ता. क. : फोटोतला मणी पुरावा म्हणून पाठवता येणार नाही. तो माळेत ओवला गेला.