इराणी सनात डोळे झाकून ६२१ मिळवू नका

महोदय,

इराणविषयीच्या मराठी लेखांत, अनुवादांत आणि पुस्तकांच्या तळटीपांत एक चूक आता रुळून गेली आहे. इराणी सन दिसला की त्यात ६२१ मिळवायचे आणि आलेला आकडा इसवी सन म्हणून छापायचा. वर्षातले सव्वानऊ महिने हा हिशेब बरोबर येतो, म्हणून चूक कुणाच्या ध्यानात येत नाही. फसगत होते ती उरलेल्या पावणेतीन महिन्यांत.

इराणी वर्ष वसंतसंपाताला, म्हणजे २१ मार्चच्या सुमारास सुरू होते. १ जानेवारी त्या वर्षाच्या मध्येच, दहाव्या महिन्यात, साधारणपणे ११ दे या तारखेला येतो. त्याआधी ६२१ मिळवायचे आणि तेव्हापासून इस्फंद हा शेवटचा महिना संपेपर्यंत ६२२. इराणी क्रांतीचा विजयदिन २२ बहमन (अकरावा महिना) १३५७. ६२१ मिळवले तर १९७८ येते, खरी तारीख आहे ११ फेब्रुवारी १९७९. पंतप्रधान मोसादेघ यांचे सरकार उलथवले गेले तो दिवस मात्र २८ मोरदाद (पाचवा महिना) १३३२, तिथे ६२१ धरूनच १९ ऑगस्ट १९५३ ही बरोबर तारीख मिळते. फारसी पुस्तकावर बहुधा नुसता सन असतो, महिना नसतो. अशा वेळी अंदाजाने एक वर्ष न निवडता ‘१३५७ (१९७८-७९)’ असे जोडवर्षच छापावे. आणखी एक खोच: इराणी माणूस या क्रांतीला नुसते ‘५७ची क्रांती’ म्हणतो. भाषांतरात तिचे ‘१९५७ची क्रांती’ व्हायला वेळ लागत नाही.

याहून मोठा घोटाळा सौर आणि चांद्र सनांचा. दोन्ही हिजरी आणि दोन्हींचा आरंभ इ. स. ६२२मधल्या हिजरतीचाच, म्हणजे मुहंमद पैगंबरांच्या मक्केहून मदिनेला झालेल्या स्थलांतराचा. पण चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान, त्यामुळे दोघांत आज चार दशकांहून जास्त अंतर पडले आहे. आजचे सौर पंचांग इराणच्या संसदेने १९२५च्या मार्चअखेरीस कायदा करून लागू केले. त्याआधीच्या, काजार घराण्याच्या राजवटीतल्या कागदांवर सन बहुतेक करून चांद्र असतो. राज्यघटना देण्याचे फर्मान निघाले ते चांद्र १३२४मध्ये, म्हणजे १९०६ साली. आता सौर १३२४ पाहा. त्या वर्षी २१ आझरला (नववा महिना) वायव्य इराणातल्या तब्रीझ शहरात अझरबैजानी नेते पिशेवारी यांचे सरकार स्थापन झाले, तारीख १२ डिसेंबर १९४५. आकडा एकच, अंतर ३९ वर्षांचे. घटनेच्या चळवळीतही तब्रीझ आघाडीवर होते, त्यामुळे मजकुरावरून शंका येण्याचीही सोय नाही. फारसीत सनापुढे ‘शीन’ हे अक्षर असेल तर शम्सी म्हणजे सौर आणि ‘काफ’ असेल तर कमरी म्हणजे चांद्र. हे एक अक्षर पाहिल्याशिवाय आकडेमोडीला हात घालू नये.

१९२५च्या कायद्याने राशींवरून पडलेली महिन्यांची नावेही बाद केली. हमल म्हणजे मेंढा, सौर (हा अरबी शब्द, सूर्यावरून आलेला नव्हे) म्हणजे बैल, हूत म्हणजे मासा. आपले मेष, वृषभ, मीनच. म्हणून १९२१च्या फेब्रुवारीत रझा खान (पुढे रझा शाह) यांनी तेहरानचा ताबा घेतला, तो जुन्या कागदांत ३ हूत १२९९ असा सापडतो आणि नंतरच्या पुस्तकांत ३ इस्फंद असा. या दोन घटना नव्हेत.

तिसरा सापळा अल्पजीवी होता, पण विचित्र. १९७६मध्ये शाहने हिजरी सन बाजूला सारून प्राचीन इराणी सम्राट सायरसच्या काळापासून मोजलेला शाहनशाही सन आणला. १३५५चे एका रात्रीत २५३५ झाले. १९७८च्या उन्हाळ्यात सरकारनेच तो मागे घेतला. त्या मधल्या काळातल्या पुस्तकांवर, टपाल तिकिटांवर २५३५, २५३६, २५३७ असे सन आढळतात. त्यांतून ११८० वजा केले की नेहमीचा सौर सन मिळतो. इथे ‘शाहनशाही’ हा शब्द वाचून आपल्या पारशी शहेनशाही पंचांगाची आठवण होईल, पण दोहोंचा काही संबंध नाही.

आता दिवस-महिन्यांकडे. इराणचे पहिले सहा महिने ३१ दिवसांचे, पुढचे पाच ३० आणि इस्फंद २९ दिवसांचा, लीप वर्षी ३०. तारीख जुळवायला मराठी वाचकाच्या घरातच एक सोपे साधन आहे: १९५७पासून लागू असलेले आपले राष्ट्रीय सौर पंचांग, ज्याच्या तारखा राजपत्रावर असतात. त्याचा वैशाख २१ एप्रिलला सुरू होतो आणि ओर्दिबेहेश्तही बहुधा त्याच दिवशी. तिथून फाल्गुन-इस्फंदपर्यंत दोन्हींच्या तारखा हातात हात घालून चालतात. १५ ऑगस्ट म्हणजे २४ श्रावण आणि २४ मोरदाद. ११ फेब्रुवारी म्हणजे २२ माघ आणि २२ बहमन. (हा श्रावण सरकारी पंचांगातला, सोमवारच्या उपासाचा नव्हे.) अपवाद पहिल्या महिन्याचा: आपला चैत्र २२ मार्चला लागतो, फरवरदीन आदल्या दिवशी. शिवाय इंग्रजी लीप वर्षी सध्या नवरोझ (इराणी नववर्षदिन) २० मार्चला येतो. मग ते इराणी वर्ष संपेपर्यंत तिकडची तारीख एकाने पुढे धावते.

हा एक दिवस ठरतो कसा, तेही सांगायला हवे. सूर्य विषुववृत्त ओलांडतो तो क्षण तेहरानच्या माध्यान्हीआधी आला तर तोच दिवस १ फरवरदीन, नंतर आला तर दुसरा दिवस. २०२५ साली २० मार्चला तिथे दुपारचे साडेबारा वाजून गेले होते. म्हणून तो दिवस जुन्या वर्षाचा ३० इस्फंद ठरला आणि १४०४ हे वर्ष २१ मार्चला लागले. या नियमामुळे लीप वर्ष बहुतेकदा चार वर्षांनी येते, पण अधूनमधून पाच वर्षांनी. १४०३ नंतरचे लीप वर्ष १४०७ नव्हे, १४०८ आहे. चारने भागून तारखा काढणारी कोष्टके इथेच चुकतात.

जाता जाता पतेतीबद्दल. ऑगस्टमध्ये पारशी नववर्षाच्या बातमीला दरवर्षी ‘पतेतीच्या शुभेच्छा’ असा मथळा पडतो. पतेती हा सरत्या वर्षाचा शेवटचा दिवस, पश्चात्तापाचा. ‘पतेत’ या शब्दाचा अर्थच तो. नवरोझ दुसऱ्या दिवशी. इराणात मार्चमध्ये येणारा फरवरदीन मुंबईत ऑगस्टमध्ये का, याचेही उत्तर गणितातच आहे. पारशी वर्ष ३० दिवसांचे १२ महिने आणि ५ गाथादिवस असे नेमके ३६५ दिवसांचे. लीप दिवस नाही, त्यामुळे चार वर्षांत एक दिवस मागे सरकते. पारशांतल्या कदमी गटाचे पंचांग या शहेनशाही पंचांगाच्याही ३० दिवस पुढे आहे, म्हणून त्यांचे नववर्ष जुलैमध्ये येते. महिन्यांची नावे मात्र दोन्हीकडे जवळपास तीच, आणि आपल्याला परकी नाहीत: मेहर म्हणजे मित्र, आबान म्हणजे आप. पारशांचा अमरदाद इराणात मोरदाद झाला. ‘अमृत’मधला ‘अ’ तिकडे गळून पडला आहे.

– एक वाचक, पुणे