जबाबदारी घ्या म्हणता, मग गोळी कुठे मिळेल तेपण सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र छापून आलं होतं, राज्य सरकारच्या फुकट उपचारांच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की ज्यांनी तंबाखू-दारू करून स्वतःच्या तब्येतीची वाट लावून घेतली त्यांच्या ऑपरेशनचा खर्च प्रामाणिकपणे टॅक्स भरणाऱ्याने का उचलायचा, अशांना योजनेतून वगळा नाहीतर निम्मे पैसे त्यांच्याकडून घ्या. आमच्या दुकानातपण दोघातिघांनी हेच बोलून दाखवलं म्हणून लिहायला बसलो. माझं सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला मेडिकल आहे, वडिलांच्या वेळेपासून. इन्कम टॅक्स भरतो, जीएसटीचं रिटर्न भरतो, तंबाखूला हात लावत नाही. त्यामुळे त्या वाचकाचा राग मला कळतो, पण त्यांनी काढलेला उपाय मला अजिबात पटत नाही.

आधी टॅक्सचं. इन्कम टॅक्स भरणारा तोच टॅक्सपेअर असं आपण धरून चालतो. भांगलणीला जाणारी बाई माझ्याकडून प्रेशरची गोळी घेते त्या गोळीवर २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत १२ टक्के जीएसटी होता, आता ५ टक्के आहे, म्हणजे आजारी पडल्यावरसुद्धा ती सरकारला टॅक्स देतेच आहे. मोबाईलचं रिचार्ज, गाडीतलं पेट्रोल, सगळ्यात टॅक्स आहे. आणि तंबाखूच्या पुडीवर तर सगळ्यात जड टॅक्स, तो कोण भरतो, खाणाराच ना? दुसऱ्या बाजूला आपण मेडिक्लेम काढतो, जुन्या पद्धतीने रिटर्न भरत असलो तर इन्कम टॅक्सच्या ८०डी कलमाखाली २५ हजारापर्यंत वजावट घेतो, घरात सीनियर सिटीझन असतील तर त्याहून जास्त. ते पैसेपण सरकारी तिजोरीतलेच. तेव्हा आपल्याला कुणी विचारत नाही की तुम्ही रोज चालायला जाता का, लग्नात जिलेबी किती खाल्ली.

पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे, तो गोळ्यांचा आहे.

योजनेत १३५६ उपचार होते, २०२५ मध्ये सरकारने ते वाढवले. २०२३ च्या निर्णयाने सरकारने ती सगळ्यांना लागू केली, केशरी-पिवळं रेशनकार्ड बघायचं नाही, आणि कव्हर दीड लाखाचं पाच लाख केलं. हे चांगलंच झालं, माझ्या ओळखीतली कितीतरी घरं त्यामुळे कर्जातून वाचली. पण ही सगळी योजना मोठ्या उपचारांची आहे, ॲडमिट व्हायचं, प्री-ऑथ म्हणजे आधी मंजुरी घ्यायची, हॉस्पिटलातला योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, कागद बघणार, मग उपचार. रोजच्या प्रेशर-शुगरच्या गोळ्या त्यात नाहीत, त्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून फुकट मिळायला पाहिजेत आणि मिळतातपण, पण सलग नाही मिळत. आमच्या भागातल्या एका केंद्रात दोन महिने मिळतात, तिसऱ्या महिन्यात स्टॉक संपलेला, "बाहेरून घ्या" म्हणून चिठ्ठी. ती चिठ्ठी घेऊन माणूस माझ्याकडे येतो आणि म्हणतो, "चारच द्या." मग स्ट्रिप कापायची. कापताना एक्सपायरी आणि बॅच नंबर उरलेल्या तुकड्यावर राहील असं बघावं लागतं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात ज्या चार गोळ्या जातात त्यावर बऱ्याचदा काहीच छापलेलं नसतं. महिनाअखेरीला असे तुकडे फार कापले जातात. प्रेशरची साधी गोळी दिवसाला दोन-तीन रुपयांची आहे हो, पण प्रेशर, शुगर आणि वर पित्ताची अशा तीन-चार गोळ्या, घरात नवराबायको दोघांना, आणि काम पावसावर अवलंबून, की लगेच एकाच्या गोळ्या बंद होतात. जास्त करून बाईच्या.

एक गृहस्थ आहेत, वडापची, म्हणजे सीटवर भाडं घेणारी जीप चालवायचे. तंबाखू नाही, दारू नाही, माळकरी माणूस. केंद्रातून गोळ्या नेमाने आणायचे, मग तिथे मिळेनात म्हणून एक दिवसाआड घ्यायला लागले, मग दिवसभर गाडीवर आणि चक्कर येत नाही म्हणजे प्रेशर उतरलं असं समजून सोडूनच दिल्या. आज त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्यात, डॉक्टरांनी प्रेशरच कारण सांगितलं. आठवड्यातून दोनदा जिल्ह्याच्या ठिकाणी डायलिसिस, दर वेळी चार तास मशीनवर, शिवाय जायचा-यायचा वेळ, जीप विकली, बायकोची रोजची मजुरी बुडते. डायलिसिस योजनेतून फुकट आहे, त्याचे पैसे सरकार आयुष्यभर देणार. त्याच सरकारकडे महिन्याच्या तीस गोळ्या नव्हत्या! आता त्या वाचकाने सांगावं की यात बेजबाबदार कोण.

लोक गोळ्या टाळतात हेपण खरं आहे, मी रोज बघतो. एकदा सुरू केली की जन्मभर घ्यावी लागते म्हणून सुरूच करायची नाही असं म्हणणारे शिकलेले लोकपण आहेत, त्यांच्याशी मी काउंटरवर रोज भांडतो. पण जबाबदारीने वाग असं कुणाला सांगायचं तर त्याला तसं वागता येईल एवढी सोय तरी पाहिजे की नाही.

तंबाखूचंही तसंच. २०१६-१७ च्या सरकारी सर्व्हेत महाराष्ट्रात २६.६ टक्के मोठी माणसं तंबाखू वापरणारी निघाली, आणि त्यात बहुतेक सगळा चघळायचा तंबाखू किंवा मशेरी. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करतात, भाजताना सगळं घर खोकतं, त्याच घरातल्या पोरीला दात दुखला की तीच लावायला देतात. अशी आठव्या-दहाव्या वर्षी लागलेली सवय, तिला वैयक्तिक निवड कसं म्हणायचं? सोडायची म्हटलं तर निकोटिनची च्युइंगगम माझ्याकडे आहे, पण दिवसाच्या गमला जे पैसे जातात ते दिवसाच्या पुडीच्या कितीतरी पट जास्त. पुडीवर व्यसन सोडवायच्या हेल्पलाइनचा नंबर छापलेला असतो खरा, पण नंबर लावून बोलणारी माणसं मला तरी भेटली नाहीत. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि बंदी असताना तो कुठे मिळतो हे शाळेतल्या पोरालाही माहितीये. विकणाऱ्याच्या जबाबदारीबद्दल त्या पत्रात एक ओळ नव्हती.

आणि समजा उद्या नियम केला की तंबाखूवाल्याला योजना नाही, तर काय होईल? आशाताई घरोघर जाऊन तीस वर्षांवरच्या माणसांचा फॉर्म भरतात, त्यात तंबाखू, दारू, कंबरेचा घेर असं सगळं विचारतात आणि त्यावरून कुणाला आधी तपासायचं ते ठरतं. लोक आज खरं सांगतात कारण खरं सांगितल्याने काही जात नाही. ऑपरेशन बंद होणार म्हटल्यावर कोण सांगेल? तोंडात पांढरा चट्टा असतो तेव्हाच सापडला तर माणूस थोडक्यात सुटतो, लपवला तर अर्धा जबडा काढायची पाळी येते, आणि खर्चही तेव्हाच जास्त. म्हणजे टॅक्सपेअरचे पैसे वाचवायला निघालो आणि वाढवून बसलो.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत सरकारचा आरोग्यावरचा खर्च जीडीपीच्या अडीच टक्के करू. २०२१-२२ चा सरकारीच आकडा १.८४ टक्के आहे, आणि त्याच हिशोबात देशाच्या एकूण आरोग्यखर्चातले ३९.४ टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले. म्हणजे लोक फुकट खातायत हे चित्रच मुळात चुकीचं आहे, लोक भरतायत, माझ्या काउंटरवरच भरतायत.

माझं मागणं साधं आहे. प्रेशर आणि शुगरच्या रुग्णाला आरोग्य केंद्रातून एका वेळी तीन महिन्यांच्या गोळ्या द्या, माझा धंदा कमी झाला तरी चालेल. प्रत्येक केंद्राच्या दारावर आज कुठल्या गोळ्या शिल्लक आहेत त्याचा बोर्ड लावा. ही केंद्रं जिल्हा परिषदेकडे आहेत, त्यामुळे मुंबईकडे बोट दाखवून कुणाला सुटता येणार नाही. तुमच्याही पेपरला एक विनंती, तुमच्या तालुका प्रतिनिधींना महिन्यातून एकदा या केंद्रांवर पाठवा, प्रेशरच्या गोळ्यांचा साठा किती आणि रजिस्टरवर रुग्ण किती ते विचारायला लावा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा.

आपला,
एक मेडिकलवाला वाचक, जि. सातारा