नुसतं छापू नका, ई-बुकपण काढा

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या साताऱ्यात पदरमोड करून पुस्तक काढणारे कमी नाहीत, पण छापायचं, निम्म्या प्रती पाव्हण्यांना फुकट वाटायच्या अन् उरलेले गठ्ठे माळ्यावर, पैसे कसे सुटणार? मजकूर युनिकोडमधे (म्हणजे कुठल्याही मोबाइल-कॉम्प्युटरवर सारखीच दिसणारी मराठी अक्षरं) असला की किंडलवर (अ‍ॅमेझॉनचं ई-बुकचं दुकान) ई-बुक टाकायला छपाईखर्च लागत नाही, फक्त तिथली सिलेक्ट स्कीम घेतली तर ९० दिवस ई-बुक दुसरीकडे विकता येत नाही, कागदी पुस्तक मात्र खुशाल विका. आणि २०१८ पासून छापील आवृत्ती असलेल्या ई-बुकला जीएसटी ५ टक्के, नुसत्या ई-बुकला १८, हे कुणी सांगतच नाही! ऑडिओबुकचा खर्च जास्त, ते नंतर बघा.

- एक वाचक, सातारा