ताटं मोजून लिहायची

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

दारव्हा तालुक्यातल्या शाळेवर मुख्याध्यापक झालास, अभिनंदन. पोषण आहाराचं सगळं सविस्तर लिही म्हणालास, म्हणून हे लांबण.

चार्ज घेताना साठा वहीत पाहून घेऊ नकोस. पोती काट्यावर चढव, निघेल तो आकडा दोघांच्या सहीनं लिही. आपल्याकडे उन्हापायी शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तोवर एप्रिलचा उरलेला तांदूळ बंद खोलीत तापत पडलेला असतो. त्यात सोंडे होतात, जाळी धरते. पोती भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर ठेव आणि जुनं पोतं आधी फोड. नवा माल उतरतानाही वजन झाल्याशिवाय सही नाही. पन्नास किलोच्या पोत्यात रिकामा बारदानाच अर्धा किलोच्या घरात असतो, तो वजा कर.

एका मुलाचं रोजचं प्रमाण पाठच करून टाक. पहिली ते पाचवी : तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २०, भाजी ५०, तेल ५. सहावी ते आठवी : १५०, ३०, ७५ आणि साडेसात. समज, खालच्या वर्गांची ४६ मुलं आणि वरची २१ जेवायला आहेत. तांदूळ ७ किलो ७५० ग्रॅम, डाळ दीड किलोवर ५० ग्रॅम. स्वयंपाक करणाऱ्या बायकांना ग्रॅम सांगून उपयोग नाही. एकदा किलोभर तांदूळ मोजून डब्यात ओत, वरच्या कडेला खिळ्यानं रेघ मार. डाळीचा डबा वेगळा.

आता खरी मेख. सकाळच्या हजेरीवर आहार लिहू नकोस, मधल्या सुट्टीत पंगतीतली ताटं मोज. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी लागली की पोरं हजेरी देऊन आईमागे वावरात जातात. नऊ लहान मुलं रोज जास्त लिहिली, तर २४ दिवसांत २१ किलो ६०० ग्रॅम तांदूळ कागदावर शिजतो आणि खोलीत शिल्लक राहतो. तपासणीला आलेला माणूस आधी पोतीच मोजतो. जेवणाऱ्या मुलांचा आकडा कमी दिसला तर दिसू दे. पोषण आहाराच्या ॲपवर रोजची माहिती त्याच दिवशी भर. रेंज नसेल तर वहीत लिहून संध्याकाळी गावात येऊन भर.

तांदळात पिवळसर, जरा गुळगुळीत दाणे दिसतील. पालक 'प्लॅस्टिकचा तांदूळ' म्हणून ओरडतात. ते तांदळाच्याच पिठाचे असतात, लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले, शंभराला एक या प्रमाणात मिसळलेले. निवडताना बायका नेमके तेच फेकतात, धुताना तरंगतात ते पाण्याबरोबर जातात. त्यांना समोर बसवून सांग, आणि पालकसभेत मूठभर शिजवूनच दाखव.

बोअरचं पाणी जड असलं की तुरीची डाळ तासभर उकळूनही गोटाच राहते आणि गॅस जळतो. डाळ आधी भिजत घाल, मीठ शिजल्यावर. सोडा नको. चव आधी शिक्षकानं आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकानं घ्यायची, मुलांना वाढण्याच्या अर्धा तास आधी. चव नोंदवहीत सही न चाखता झाली तर ती वही नसलेलीच बरी.

पैशाचं थोडक्यात. १ मे २०२५ पासून शिजवण्याचा दर एका मुलामागे दिवसाला खालच्या वर्गांना ६ रुपये ७८ पैसे, वरच्यांना १० रुपये १७ पैसे. त्यात डाळ-तेल, भाजी, इंधन सगळं आलं. तांदूळ वेगळा, केंद्राकडून फुकट. ६७ पोरांना दोन स्वयंपाकी मदतनीस मिळतात. केंद्राच्या नियमात त्यांचं मानधन महिना १००० रुपये, तेही वर्षातले दहाच महिने. वरची भर राज्याची. एवढ्याशा पैशात आचेपुढे बसणाऱ्या बाईला शाळेची झाडलोट सांगू नकोस. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं शाळा अनुदान ३१ ते १०० पटाला २५,००० रुपये. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर लावायचे. ते एकरकमी येईल या भरवशावर कुणाला उधारी करू नकोस.

आहाराचा निधी अडला म्हणून चूल बंद करायची नाही. २०१५ च्या मध्यान्ह भोजन नियमांनुसार मुख्याध्यापकाला शाळेतला दुसरा निधी तात्पुरता वापरता येतो, नंतर तो परत मिळतो. समितीचा ठराव त्याच दिवशी लिहून घे, बिलं जोड. आणि तरीही आहार चुकलाच, तर मुलाला त्या दिवसाचा अन्नसुरक्षा भत्ता पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळायला हवा. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस आहार बंद राहिला तर जबाबदारी निश्चित होते, म्हणून निधी मागितल्याच्या प्रत्येक पत्राची आवक शिक्क्याची प्रत जपून ठेव.

भाजीवाल्याचा दर कुठे अडला तर कळव.

तुझा,
सुधाकर