तिसऱ्या मजल्यावरची खिडकी

ती. आई-बाबांस सा. न.

फोनवर तुमच्या कोरोनाचा विषय काढला की बाबा, तुम्ही "झालं गेलं, सोड आता" म्हणता. म्हणून लिहायला बसले.

परवा 'फिअर द वॉकिंग डेड'चा एक भाग बघितला, २०१५ सालच्या पहिल्या पर्वातला चौथा. मालिका झाँबींची, पण या भागात ते जवळजवळ दिसतच नाहीत. लॉस एंजेलिसमधली एल सेरेनो ही वस्ती (आमच्या घरापासून गाडीने पाऊण तास). सैन्याने तिला कुंपण घालून नऊ दिवस झालेत. बाहेर जायचं नाही, रात्री संचारबंदी. ट्रॅव्हिस नावाचा शिक्षक घरोघरी लोकांची समजूत काढत फिरतो. सैन्य आलंय ना, आता सगळं नीट होईल. तो मनापासून बोलतो, खोटं नाही बोलत.

ग्रिसेल्डा म्हणून एक बाई आहे, तिचा पाय चिरडलाय. सैन्याची डॉक्टर तिला हॉस्पिटलमध्ये हलवायचं ठरवते. नवरा डॅनिएल बरोबर निघायला तयार असतो. रात्री गाडी येते, तिला चढवतात आणि त्याला मागेच ठेवतात. हा माणूस एल साल्वादोरचा. सैन्याने गावातून माणसं नेली, "परत येतील" असं सांगितलं आणि ती प्रेतं होऊन नदीतून परत आली, हे त्याने लहानपणी पाहिलंय.

आई, तिथे मी टीव्ही बंद केला.

२०२० साली अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात बाबांना अँब्युलन्स न्यायला आली, तेव्हा तू फाटकापर्यंत गेलीस आणि तुला तिथेच थांबवलं. किट घातलेल्या मुलाच्या हातात तू चष्म्याची डबी दिलीस. मी इकडून काय म्हणाले होते? "डॉक्टर आहेत ना, त्यांच्यावर सोड. तू जाऊन काय करणार आहेस?" ट्रॅव्हिस बोलतो तसंच, अगदी त्याच सुरात. तू त्यावर एक शब्द बोलली नाहीस. मला वाटलं, तुला पटलं.

तिथल्या डॉक्टरांनी बाबांना वाचवलं, त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. ते सैनिक आणि हे लोक मी एका पंक्तीला बसवत नाहीये. पण फाटकाच्या अलीकडे उभं राहणाऱ्याला पलीकडे काय चाललंय ते कसं कळणार?

दुसऱ्या दिवशी उरलेला भाग पाहिला. कुंपणाबाहेर एका रिकाम्या घरातून कुणीतरी उजेडाने खुणा करत असतं. ट्रॅव्हिसच्या मुलाला ते दिसतं, बाप आधी मनावर घेत नाही. शेवटी एका रात्री तो स्वतः छपरावर बसलेला असतो. लांब उजेड लुकलुकतो, गोळ्यांचा लखलखाट होतो, आणि तो उजेड विझतो.

बाबा, तुम्ही रोज आठ वाजता हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून मोबाइलचा टॉर्च हलवायचात आणि आई समोरच्या बंद चहाच्या टपरीपाशी उभी असायची, हे मला गेल्या वर्षी मावशीकडून कळलं. एका रात्री चार्जिंग संपलं म्हणून उजेड दिसला नाही आणि आई अकरापर्यंत तिथून हलली नाही, हेही तिनेच सांगितलं. त्या रात्री मी फोन केला तेव्हा, आई, तू "जेवले गं, झोपते आता" म्हणालीस.

चुकलं माझं. दिवाळीला येतेय, तीन आठवडे आहे. तेव्हा ते सतरा दिवस मला पहिल्यापासून सांग. मी मध्ये बोलणार नाही.

तुमची,
मनू