जन्माच्या वजनाचा कागद जपून ठेवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत चाळिशीनंतर कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात, याची भलीमोठी यादी आली होती. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, घराण्यात कोणाला काय होतं, सगळं तिच्यात होतं. एक प्रश्न तेवढा नव्हता, आणि तो सहसा कुठेच नसतो: जन्मलात तेव्हा तुमचं वजन किती होतं? चौतीस वर्षं प्रसूती विभागात परिचारिका म्हणून काढली, त्यामुळे असेल, पण मला ते खटकलं. म्हणून हे पत्र.

आधी माझंच सांगते. आठवा महिना संपायच्या आत मी जन्मले. वजन किती भरलं, कुणालाच माहीत नाही. ‘ओंजळीत मावत होतीस’ ही आईच्या तोंडची एवढीच काय ती नोंद. अंगाने मी जन्मभर किरकोळ. तरी ४३व्या वर्षी रक्तदाब निघाला आणि ४९व्या वर्षी साखर. डॉक्टरांनी वडिलांना काय होतं विचारलं, आईला काय होतं विचारलं, मीठ किती खाता तेही विचारलं. जन्माचं विचारलं नाही. आणि हजारो बाळांना काट्यावर ठेवलेली मी, मलाही ते सांगावंसं सुचलं नाही.

जन्माचं-तान्हेपणीचं वजन आणि मोठेपणीचे आजार यांच्या संबंधावरचं सुरुवातीचं मोठं काम उभं राहिलं ते नर्सेसच्या वह्यांवर, हे मला निवृत्तीनंतर वाचताना कळलं. इंग्लंडच्या हर्टफर्डशर परगण्यात १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या मुख्य आरोग्य अभ्यागत, म्हणजे घरोघरी जाणाऱ्या नर्सेसच्या प्रमुख, होत्या. त्यांच्या हाताखालच्या बायका प्रत्येक बाळाचं जन्माचं वजन लिहीत. वर्षाचं झालं की घरी जाऊन पुन्हा वजन करत, अंगावर पाजलं की बाटलीने हेही टिपून ठेवत. बाळ सुदृढ व्हावं, एवढाच हेतू. साठ-सत्तर वर्षांनी संशोधक डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती ती दप्तरं लागली. १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचं पुढे काय झालं ते त्यांनी शोधून काढलं. (बायकांचा माग लग्नानंतर आडनाव बदलल्यामुळे अवघड. हेही आमच्याच वाट्याला.) १९८९ मध्ये निष्कर्ष छापून आला: वर्षाच्या वयाला ज्यांचं वजन ८.२ किलो किंवा त्याहून कमी होतं, त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण, १२.३ किलो किंवा जास्त असलेल्यांच्या तुलनेत अडीच पटींहून अधिक निघालं. त्या बायकांनी वह्या नीट लिहिल्या नसत्या, तर बार्करसाहेब काय मोजणार होते?

हे घडतं कसं, त्याचा एक धागा मूत्रपिंडात सापडतो, आणि मला तोच सगळ्यात पटतो. एकेका मूत्रपिंडात रक्त गाळणारे नेफ्रॉन सरासरी १० लाखांच्या आसपास असतात, पण माणसामाणसांत फरक प्रचंड. कुणाकडे दोन-अडीच लाख, तर कुणाकडे २० लाख. पूर्ण दिवसांच्या बाळात हे बनण्याचं काम जन्माच्या महिनाभर आधीच, ३६व्या आठवड्याच्या सुमाराला, थांबतं. आमच्यासारख्या घाईने आलेल्यांत ते बाहेर आल्यावर थोडे दिवस चालतं, पण भर पूर्ण निघत नाही. त्यानंतर आयुष्यभर नवा नेफ्रॉन एकही नाही. पोटात असताना कमी मिळालं की बाळ आधी मेंदू सांभाळतं, बाकीच्यांच्या वाटणीला काट लागते. मग थोड्या गाळण्यांवर पूर्ण देहाचं ओझं पडतं, त्या लवकर झिजतात आणि पन्नाशीच्या आगेमागे रक्तदाब वर चढतो. स्वादुपिंडाचं आणि स्नायूंचंही साधारण असंच.

नेदरलँड्समध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात उपासमार झाली. त्या काळात पोटात असलेल्यांची म्हातारपणापर्यंत पाहणी झाली, तेव्हा दिसलं की उपासमार गरोदरपणाच्या कितव्या महिन्यात आली, यावर पुढचा आजार ठरतो. सुरुवातीच्या महिन्यांत झळ बसलेल्यांत हृदयविकार जास्त, आणि गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच जणांचं जन्माचं वजन ठीकठाक होतं! म्हणजे काट्यावरचा आकडा सगळं सांगत नाही, हे मला काटेवालीलाही कबूल करावं लागतं. उलट दुसऱ्या महायुद्धात रशियातल्या लेनिनग्राड शहराला पडलेल्या वेढ्यात पोटात असलेल्यांमध्ये पुढे साखरेचा त्रास जास्त आढळला नाही. तिथे वेढ्याच्या आधी आणि नंतरही खाण्याची ददातच होती, म्हणून बाहेरही टंचाईच असणार, हा पोटात असताना शरीराने बांधलेला अंदाज चुकला नाही, असं एक स्पष्टीकरण देतात. पोटात टंचाई आणि बाहेर सुबत्ता, ही जोडी जास्त घातक ठरते. फिनलंडच्या पाहणीतही तेच. पुढे हृदयविकार झालेली मुलं जन्मतः लहान, दोन वर्षांची होईपर्यंत बारीक आणि त्यानंतर मात्र भराभर जाड होत गेलेली. आपल्याकडे मधुमेहतज्ज्ञ डॉ. याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चालवलेल्या अभ्यासात दिसलेली बाळं आणखी वेगळी: वजनाला हलकी, पण हलकेपणा स्नायूंचा, चरबी तशी राखलेली. किरकोळ अंगाच्या माझ्यासारखीला साखर का झाली, याचं उत्तर तिथे असू शकेल.

अन्नाचंच सगळं नसतं. आईच्या आसपास विडी-सिगारेटचा धूर असेल, तर बाळ हलकं निघतं. वर्षानुवर्षं आईच्या हाडांत साचलेलं शिसं गरोदरपणी रक्तात उतरतं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं. म्हणून ‘सिस्टर, माझं काय चुकलं?’ असं विचारणाऱ्या आईला मी नेहमी सांगत आले, की तुझं एकटीचं काही चुकलेलं नाही. हे शास्त्र आयांना बोल लावायला वापरणाऱ्यांचा मला राग येतो. आणि जन्मानंतरही बरंच हातात असतं. ब्रिटनमध्ये युद्धकाळात सुरू झालेलं साखरेचं रेशनिंग १९५३ मध्ये उठलं. गर्भापासून दोन वर्षांपर्यंतचा काळ ज्यांचा रेशनिंगमध्ये गेला, त्यांच्यात मोठेपणी मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी आढळला, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं आहे.

आता एक कबुली. बाळाचं वजन करायचं तर काट्यावर कापड टाकायचं, काटा शून्यावर आणायचा आणि मग बाळ ठेवायचं. पाठ टेकली की ते दचकून दोन्ही हात फेकतं आणि आकडा नाचायला लागतो. तो थांबेपर्यंत वाट बघायची असते. अडीच किलोच्या खाली आलं, की बाळ ‘कमी वजनाचं’. वेगळी नोंद, वेगळं लक्ष, वेगळा कागद. रात्रपाळीला शेजारच्या टेबलावर दुसरी बाई कळा देत असताना काटा २ किलो ४४० ग्रॅमवर थांबला, की वहीत अडीच लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. मी तसं लिहिलेलं आहे. आमच्या जुन्या वह्यांत अडीच आणि तीन या आकड्यांवर बाळांची नुसती झुंबड असायची.

‘असायची’ म्हणते, कारण त्या वह्या आता नाहीत. मी निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी खोली रिकामी करायची म्हणून सगळी दप्तरं रद्दीत गेली. मी दारात उभी होते. दोरीने बांधलेले गठ्ठे ताणकाट्याला लावले, आणि बाळांच्या वजनांच्या वह्या वजनावर गेल्या. ठेवायची मुदत संपली होती, नियमाप्रमाणेच झालं म्हणे. त्या वह्यांतली पहिली बाळं तेव्हा तिशीत पोचत होती. म्हणजे कुणी विचारायला यावं, त्याच्या दहा-पंधरा वर्षं आधीच.

माझं म्हणणं एवढंच आहे. वजन ग्रॅमपर्यंत लिहावं, दिवस किती भरले होते ते सोबत लिहावं (दोन किलोचं पूर्ण दिवसांचं बाळ आणि दोन किलोचं आठव्या महिन्यातलं, ही दोन वेगळी माणसं आहेत), पहिल्या दोन वर्षांतली वजनं त्याखाली यावीत, आणि हा कागद मूल सज्ञान झालं की त्याच्या हवाली करावा. आज हे वजन असतं लसीकरणाच्या कार्डावर, आणि लसी संपल्या, की ते कार्ड घराघरांतून गायब होतं. जन्म हलका म्हणजे आजार होणारच, असं नाही. धोका थोडा वाढतो, बाकी बरंच नंतरच्या राहणीवर. पण ज्याचा जन्म दोन किलोचा आहे, त्याने रक्तदाब बघायला चाळिशीची वाट का बघावी? तुमच्या यादीत ही एक ओळ घालायला जागा निघेल, असं वाटतं.

यादी वाचली त्याच संध्याकाळी कपाटातून माझ्या मुलीचं कार्ड शोधून काढलं. २ किलो २९० ग्रॅम, ३८ आठवडे. अक्षर माझ्याच मैत्रिणीचं, तिने अडीच केलं नव्हतं. फोटो काढून पाठवला, तर मुलीचा फोन आला, ‘आई, याचं आता मी काय करू?’ ती ३७ वर्षांची आहे. म्हटलं, तुझ्या डॉक्टरांच्या फायलीत पहिल्या पानावर लाव, आणि येत्या आठवड्यात रक्तदाब मोजून मला कळव. अजून कळवलेला नाही.

आपली,
एक निवृत्त परिचारिका