कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या आजींना, जाहीर आभार

आदरणीय आजी,
सादर नमस्कार.

तुम्ही आमच्या वर्गात येऊन गेलात त्याला तीन आठवडे झाले. तुम्ही खडूनं लिहिलेला फॉर्म मुलं अजून पुसू देत नाहीत. "बाई, तुम्ही अर्ध्याच फळ्यावर लिहा," म्हणतात. त्या दिवशी घंटेच्या गडबडीत तुमचे नीट आभारही मानले नाहीत, म्हणून हे पत्र.

तुम्ही येण्याआधी मी निर्वासितांवरचा हाच तास घेतला होता आणि तो फसला होता. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांचा स्मृतिस्तंभ कोल्हापूरच्या महावीर उद्यानात आहे, मुलांनी तो पाहिलाय. १९४० मध्ये सोव्हिएत सैनिकांनी या लोकांना घरातून उठवून सायबेरिया-कझाकस्तानात नेलं होतं. म्हणून मी मुलांना सांगितलं, दप्तर रिकामं करा, दहा मिनिटांत त्यात घर भरा. दोघांना सैनिक केलं. त्यांना ओरडायला मजा आली, बाकीचे खोटं खोटं रडले आणि घंटा होताच सगळे हसत डबा खायला पळाले. इराण, कराची अशी वाट तुडवत जी माणसं आपल्या दारात आली, त्यांचा मी खेळ करून टाकला, हे मला फार लागलं.

तुम्ही ते शांतपणे ऐकलंत आणि म्हणालात, "पोरांना रडायला नका लावू. रांगेत उभं करा."

मग तुम्ही फळ्यावर सिंधीत फॉर्म लिहिलात, उजवीकडून डावीकडे. नाव, गाव, घरात माणसं किती. एका मुलाला साहेब केलंत, त्याला उत्तरं तेवढी माहीत. बाकी सगळ्यांनी फॉर्म भरल्याशिवाय धान्य नाही! वर्गात नेहमी पहिली येणारी मुलगी वीस मिनिटं कोरा कागद घेऊन उभी होती. साहेब झालेला मुलगा आधी समजावत होता, मग वैतागला, शेवटी "पुढचा!" म्हणून तिच्याकडे न बघताच हात हलवू लागला. त्याला कुणीही तसं शिकवलं नव्हतं. त्या तासाला एकही मूल हसलं नाही.

त्यानंतर तुम्ही सांगितलंत, फाळणीनंतर कराचीहून बोटीनं मुंबईला उतरलात तेव्हा तुम्ही सहा वर्षांच्या होतात, आणि दुकानांवरच्या मराठी पाट्या तुम्हाला अशाच दिसत होत्या. पोलिश लोक गेल्यावर रिकाम्या झालेल्या त्याच बराकींत तुमचं बिऱ्हाड लागलं. आम्ही दिवाळीचे कपडे घ्यायला गांधीनगरला जातो, पण ते गाव असं वसलंय हे माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना ठाऊक नव्हतं. "निर्वासित म्हटलं की आईला राग यायचा, ती म्हणायची, आम्ही पुरुषार्थी," हे सांगताना तुमचा आवाज जरा चढला. ते वाक्य मुलांनी वहीत लिहून घेतलंय.

साहेब झालेला मुलगा दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. त्याला पुन्हा साहेब व्हायचंय, पण या वेळी टेबलाच्या अलीकडे येऊन फॉर्म स्वतः भरून द्यायचाय. तसं चालेल का, हे त्यानं तुम्हाला विचारायला सांगितलंय.

पुढच्या बुधवारी मुलांना घेऊन वळिवड्याला येतेय. तुमची बराक कुठं होती, ती जागा दाखवाल ना? प्रत्येकाला आपलं नाव सिंधीत लिहून हवंय, बेचाळीस नावं आहेत. खडू मी आणते.

तुमची ऋणी,
आठवीच्या बाई